सीपॅप जमत नाही, मग काय? स्लीप अ‍ॅप्नियाच्या पर्यायी उपचारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लीप स्टडीत अ‍ॅप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा आजार) निघाला, डॉक्टरांनी सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लिहून दिलं, चार-सहा आठवडे धडपड केली आणि आता मशीन कपाटात आहे: अशा लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पान आहे. तपासणीच झाली नसेल तर आधी ती करून घ्या. पुढची बहुतेक उत्तरं त्या रिपोर्टमधल्या आकड्यांवर अवलंबून आहेत.

रिपोर्टमध्ये नेमकं काय बघायचं?

सगळे एएचआय बघतात. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा निदान १० सेकंद थांबला किंवा उथळ झाला, त्याचा हा आकडा. मोठ्या माणसांत ५ च्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. पण पर्याय शोधणाऱ्याला एवढ्यावर भागत नाही. अजून तीन गोष्टी शोधा: अडथळा घशात आहे की मेंदूकडूनच श्वासाचा आदेश येत नाही (याला सेंट्रल अ‍ॅप्निया म्हणतात), उताणं झोपल्यावरचा एएचआय आणि कुशीवरचा एएचआय यांत किती फरक आहे, आणि ऑक्सिजन किती खाली गेला व किती वेळ खाली राहिला.

सेंट्रल अ‍ॅप्नियाचं प्रमाण जास्त असेल तर या पानावरचे बहुतेक पर्याय तुमच्या उपयोगाचे नाहीत. घसा मोकळा असूनही श्वास थांबत असेल तर जबडा पुढे ओढून काय होणार? अशा रुग्णाला हृदयाचा त्रास असेल तर यंत्राची निवड तज्ज्ञानेच करायला हवी. हृदयाचं पंपिंग बरंच कमी झालेल्या रुग्णांवर एएसव्ही नावाच्या, श्वासाप्रमाणे दाब आपोआप बदलणाऱ्या मशीनची मोठी चाचणी झाली होती. त्यात फायदा दिसला नाहीच, उलट हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

अनेक ठिकाणी रुग्णाच्या हातात एक पानी सारांश देतात. पूर्ण रिपोर्ट मागून घ्या. पैसे पूर्ण रिपोर्टचेच भरलेले असतात.

मी जाड नाही. तरी मला हा आजार कसा?

वजन हे मोठं कारण आहे, एकमेव नाही. खालचा जबडा लहान किंवा मागे असणं, मान आखूड असणं, टॉन्सिल मोठे असणं यानेही जिभेमागची जागा अरुंद होते. मुंबईत ३५ ते ६५ वयाच्या, वरवर धडधाकट पुरुषांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचा त्रास निघाला आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाची पेंगही होती. यातले कितीतरी जण स्वतःला फक्त ‘घोरणारा’ समजत असणार.

सगळे डॉक्टर सीपॅपच पहिलं का सांगतात?

कारण ते पहिल्या रात्रीपासून काम करतं आणि जवळपास प्रत्येकात करतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. त्याआधी तीव्र अ‍ॅप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडणं. मशीन हवेच्या दाबाने घसा आतून उघडा धरतं. दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. पुष्कळांना भीती वाटते तसं ते ऑक्सिजन देत नाही आणि ‘सवय लावत’ही नाही.

मग त्याच्यापेक्षा कमी ताकदीच्या उपायाचा विचार तरी का करायचा?

कारण कपाटातलं मशीन कोणाचाच घसा उघडत नाही. इथे थोडं गणित करू. समजा तुमचा एएचआय ४० आहे. मशीन लावलं की तो ४ वर येतो, पण सात तासांच्या झोपेत मशीन चार तासच तोंडावर राहतं, पहाटे ते काढून टाकता. उरलेले तीन तास ४० च्याच हिशेबाने जातात. सगळ्या रात्रीची सरासरी काढली तर ती १९ च्या पुढे जाते. आता समजा दातांच्या यंत्राने एएचआय १६ वरच थांबतो, पण ते यंत्र सातही तास तोंडात राहतं. रात्रीची सरासरी १६. कागदावर दुबळा दिसणारा उपाय प्रत्यक्षात पुढे गेला. शिवाय स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि त्याच झोपेत अनेकांचा श्वास सगळ्यात वाईट असतो. म्हणजे मशीन निघतं ते नेमकं चुकीच्या वेळी.

हे नुसतं कागदी गणित नाही. सिडनीतच १२६ रुग्णांना एकेक महिना सीपॅप आणि एकेक महिना दातांचं यंत्र दिलं. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. एएचआय सीपॅपने जास्त उतरला (सरासरी ४.५, दातांच्या यंत्रावर ११.१). पण वापर सीपॅपचा रोज ५.२ तास आणि दातांच्या यंत्राचा ६.५ तास झाला. दिवसाची पेंग आणि गाडी चालवण्याची सतर्कता यांत दोन्ही जवळपास सारखेच ठरले.

याचा उलटा अर्थही ध्यानात ठेवा. जो माणूस सीपॅप रात्रभर लावतो, त्याने केवळ ‘दिसायला बरं’ म्हणून पर्यायाकडे जाऊ नये. तो हातचं सोडून पळत्याच्या मागे लागेल.

मशीन सोडण्याआधी काय करून पाहावं?

माझ्या अंदाजाने ‘सीपॅप जमत नाही’ म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना मशीन नव्हे, मास्क जमत नसतो. दुकानदाराकडे जो होता तो मिळाला आणि तोच गळ्यात पडला. नाकावरचा मास्क, नाकपुड्यांत टेकणाऱ्या छोट्या उश्या आणि नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क असे तीन मुख्य प्रकार आहेत. तोंडाने श्वास घेणाऱ्याला नाकाचा मास्क दिला तर सकाळी घसा कोरडाठाक. दाढी-मिशा भरघोस असतील तर मोठ्या मास्कमधून हवा गळते आणि थेट डोळ्यांत जाते. पट्टा आवळून गळती थांबत नाही, नाकावर जखम मात्र होते.

नाक चोंदलेलं असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. अ‍ॅलर्जीचा स्प्रे, कधी वाकड्या पडद्याचं ऑपरेशन. नाकाच्या ऑपरेशनने अ‍ॅप्निया सहसा जात नाही, पण मशीन सुसह्य होतं आणि काहींचा दाबही कमी लागतो. श्वास सोडताना गुदमरल्यासारखं होत असेल तर दाब हळूहळू वाढवणारी आणि उच्छ्वासाला दाब उतरवणारी सोय बहुतेक नव्या मशीनमध्ये असते. ती कोणी चालू करून दिलेली नसते, एवढंच. स्थिर दाबाऐवजी गरजेप्रमाणे दाब बदलणारं ऑटो मशीन किंवा श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं बायपॅप यांचाही विचार होतो.

लाइट जाण्याचा प्रश्न गावाकडे खराच आहे. मशीनपेक्षा त्याचा हवा गरम-ओली करणारा ह्युमिडिफायर जास्त वीज खातो. तो बंद ठेवला तर साध्या घरगुती इन्व्हर्टरवर रात्र निघते. ह्युमिडिफायरमध्ये बोअरचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड वॉटर घाला.

सेकंडहँड मशीन स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

आधी मॉडेल आणि बनावटीचं वर्ष तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली लाखो सीपॅप आणि बायपॅप मशीनं जगभरातून परत मागवली, कारण आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण आणि वायू हवेच्या नळीत जाऊ शकत होते. तशी काही मशीनं अजून हातोहात फिरत असतील. मास्क आणि नळी तर नवीच घ्यायची.

जबडा पुढे ओढणारं दातांचं यंत्र म्हणजे काय? कोणाला चालतं?

वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन साचे, एकमेकांना जोडलेले. ते खालचा जबडा पुढे धरतात, त्याबरोबर जीभ पुढे येते आणि मागची वाट उघडते. डॉक्टर याला ओरल अप्लायन्स किंवा मॅड म्हणतात. अमेरिकेतल्या झोपेच्या आणि दातांच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ मध्ये एकत्र सूचना काढल्या. सीपॅप सहन न होणाऱ्या किंवा दुसरा उपाय हवा असणाऱ्या प्रौढांना अजिबात उपचार न करण्यापेक्षा हे यंत्र द्यावं, असं त्यांत आहे.

सौम्य आणि मध्यम अ‍ॅप्निया, वजन फार नाही, त्रास उताणं झोपल्यावर जास्त, खालचा जबडा थोडा मागे: अशांत ते चांगलं काम करतं. तीव्र अ‍ॅप्नियातही काहींना उपयोग होतो, पण कोणाला होईल हे आधी छातीठोक सांगता येत नाही. ऑक्सिजन खूप खाली जाणाऱ्याने यावर एकदम विसंबू नये.

हे यंत्र एका भेटीत होत नाही. आधी मापं, मग जबडा जितका पुढे येऊ शकतो त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात, मग आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं पुढे. घाई केली की कानापुढचा सांधा ठणकतो. सुरुवातीला लाळ गळते, सकाळी दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. ते तासाभरात जागेवर येतात. मात्र वर्षानुवर्षं वापरल्यावर दात थोडे सरकतात आणि चावा कायमचा बदलू शकतो. हे आधी सांगणारा दंतवैद्य निवडा. जो ‘काही साइड इफेक्ट नाही’ म्हणतो, त्याच्याकडून उठा.

ऑनलाइन मिळतं ते गरम पाण्यात बुडवून चावायचं यंत्र चालेल का?

घोरण्याचा आवाज कमी होईल कदाचित. पण त्याची पकड सैल असते, जबडा बारकाईने पुढे सरकवता येत नाही आणि पुष्कळदा ते रात्रीच तोंडातून निघून येतं. आवाज गेला म्हणून श्वास सुरळीत झाला, असं होत नाही. मुका अ‍ॅप्निया जास्त धोक्याचा, कारण शेजारी झोपलेलं माणूसही मग उठवत नाही.

आईला पूर्ण कवळी आहे. तिला?

जबड्याचं यंत्र धरायला दात लागतात, त्यामुळे कठीण. जीभ चोषून पुढे धरणारं मऊ यंत्र असतं, त्याला दात लागत नाहीत. ते फारसं कोणाला आवडत नाही, हेही खरं.

फक्त कुशीवर झोपलं तर?

रिपोर्टमध्ये उताण्या झोपेतला एएचआय कुशीवरच्या निदान दुप्पट असेल आणि कुशीवरचा ५ च्या जवळ असेल, तर हा उपाय पहिल्यांदा करून पाहण्यासारखा आहे. निम्म्याहून जास्त रुग्णांत असा दुपटीचा फरक दिसतो, पण कुशीवर अगदी सुरळीत होणारे त्यांहून कमी. जुनी युक्ती म्हणजे बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवायचा. चालते, पण लोक काही महिन्यांत ती सोडतात, कारण पाठ दुखते आणि झोप मोडते. उताणं झालं की हलकं थरथरणारी पट्टी छातीला किंवा मानेला बांधायची, ती जास्त काळ वापरली जाते. तीव्र अ‍ॅप्नियात हा एकट्याने पुरेल असा उपाय नव्हे, जोडीला चांगला.

वजन उतरवलं की अ‍ॅप्निया जाईल? आणि त्या नव्या इंजेक्शनचं काय?

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये अनेक वर्षं केलेल्या पाहणीत (२०००) दिसलं की वजन १० टक्क्यांनी घटलं तर एएचआय सरासरी २६ टक्क्यांनी उतरतो आणि वजन तेवढंच वाढलं तर ३२ टक्क्यांनी चढतो. म्हणजे ४० चा ३० होईल, शून्य नव्हे. ज्याचा १२ आहे त्याचा ९ च्या आसपास येईल.

टिर्झेपटाइड हे आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन. लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असलेल्या प्रौढांसाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली. अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळालेलं हे पहिलं औषध. ज्या दोन चाचण्यांवर ती मिळाली त्यांत सहभागींचा एएचआय सुरुवातीला ५० च्या आसपास होता. वर्षभरात तो औषधाने तासाला साधारण २५ ते २९ ने उतरला, तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या इंजेक्शनने ५ ने. भारतात माउंजारो नावाने ते मार्च २०२५ मध्ये मधुमेह आणि वजनासाठी बाजारात आलं.

उत्साह समजण्यासारखा आहे, पण हिशेब नीट मांडा. ५० चे २५ झाले तरी तो मध्यम अ‍ॅप्निया आहेच. परिणाम यायला महिने लागतात, त्या काळात मशीन किंवा दुसरं काही लागेल. इंजेक्शन थांबवलं की वजन परत चढतं. बारीक माणसाच्या अ‍ॅप्नियावर याची चाचणीच झालेली नाही. उलटी, मळमळ, पोट बिघडणं नेहमीचं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, जिममधल्या मित्राकडून घेऊन टोचायची ही वस्तू नव्हे.

जिभेचे व्यायाम, प्राणायाम, शंख. यात काही तथ्य आहे का?

वाटतं त्याहून जास्त आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतात त्याहून कमी. ब्राझीलमध्ये २००९ मध्ये मध्यम अ‍ॅप्नियाच्या ३१ रुग्णांवर अभ्यास झाला. जीभ, टाळू आणि घशाचे व्यायाम तीन महिने रोज करणाऱ्यांचा एएचआय २२ च्या आसपास होता, तो १४ च्या आत आला. त्याआधी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातलं डिजेरिडू हे लांब वाद्य चार महिने वाजवून २५ जणांवर प्रयोग झाला, फायदा दिसला, आणि २०१७ मध्ये त्याला गमतीचं ‘इग नोबेल’ही मिळालं.

आपल्याकडे डिजेरिडू कुठून आणायचं? जयपूरच्या डॉक्टरांनी शंख घेतला. मध्यम अ‍ॅप्नियाचे ३० रुग्ण होते. काहींनी आठवड्यातले पाच दिवस, दिवसाला निदान १५ मिनिटं शंख फुंकला, बाकीच्यांनी दीर्घ श्वसन केलं. सहा महिन्यांनी शंखवाल्यांची दिवसाची पेंग ३४ टक्के कमी आणि श्वास थांबण्याचे प्रसंग तासाला ४ ते ५ ने कमी दिसले, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. कल्पना सुरेख आहे. पण तीस माणसं म्हणजे फार थोडी, आणि तासाला ४-५ ची घट १८ वाल्याला कामाची, ४५ वाल्याला नाही. देवघरात शंख असेल तर जरूर फुंका. शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या. मशीनच्या जोडीला, मशीनऐवजी नाही. कानाचा किंवा डोळ्याच्या दाबाचा त्रास, हर्निया असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

ऑपरेशन करून कायमचं सुटता येईल का?

लहान मुलांत पुष्कळदा हो, कारण तिथे मोठे टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड हेच मूळ असतं आणि ते काढणं हाच सहसा पहिला उपचार असतो. मोठ्यांचं तसं नाही. पडजीभ आणि टाळूचा मागचा भाग कापण्याचं ऑपरेशन १९८१ पासून होतं आहे. दुखतं खूप, निकाल बेभरवशाचा, आणि आवाज जाऊन अ‍ॅप्निया राहिला असंही घडतं. टॉन्सिल खरंच मोठे असतील तर गोष्ट वेगळी.

वरचा आणि खालचा दोन्ही जबडे कापून पुढे आणून पक्के करणं हे सगळ्यात परिणामकारक ऑपरेशन. निवडक रुग्णांत मोठं यश मिळतं. पण ते मोठं ऑपरेशन आहे, चेहरा थोडा बदलतो, ओठ-हनुवटीचा बधिरपणा काहींना कायम राहतो. कोणतंही ऑपरेशन ठरवण्याआधी औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा नेमका कुठे मिटतो ते पाहणारी तपासणी झाली आहे का, ते विचारा.

छातीत बसवायचं जिभेचं ‘पेसमेकर’ खरंच असतं?

असतं. इन्स्पायर नावाच्या उपकरणाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. छातीच्या त्वचेखाली बसवलेलं यंत्र श्वासाबरोबर जिभेच्या नसेला हलका झटका देतं, जीभ पुढे सरते. मूळ चाचणीतल्या १२६ रुग्णांचा मधला (मीडियन) एएचआय वर्षभरात २९.३ वरून ९ वर आला. मात्र हे सगळे निवडलेले होते. सीपॅप न जमलेले, फार लठ्ठ नसलेले, आणि घसा चारही बाजूंनी एकदम न मिटणारे. अमेरिकेतल्या मुलाने फोनवर याबद्दल सांगितलं म्हणून इकडे विचारणारे आईवडील बरेच असतात. त्यांनी खर्चाबरोबर हेही विचारावं: बॅटरी संपल्यावर किंवा बिघाड झाल्यावर आपल्या शहरात ते उघडणार कोण?

दिवसा २० मिनिटं जिभेवर धरायचं एक्साइट हे उपकरणही आहे. ते फक्त घोरणं आणि सौम्य अ‍ॅप्निया यांच्यासाठी.

नाकाच्या पट्ट्या, तोंडाला टेप, घरी ऑक्सिजन, झोपेची गोळी?

पट्ट्यांनी नाक उघडतं, घसा नाही. टेप लावू नका. नाक चोंदलं तर दुसरी वाट बंद. नुसत्या ऑक्सिजनने आकडा बरा दिसतो, घसा मिटायचा तो मिटतोच. झोपेच्या काही गोळ्या आणि रात्रीची दारू या दोन्हींनी अ‍ॅप्निया बिघडतो.

माझं घड्याळ ‘सगळं ठीक’ दाखवतं. पुरे ना?

नाही. काही घड्याळांना अ‍ॅप्नियाची शंका दाखवण्याची मान्यता आहे, निदान करण्याची नाही. यंत्र लावून झोपल्यावर त्याचा परिणाम मोजायला ती बनलेलीच नाहीत.

मग पर्याय लागू पडतोय हे कळणार कसं?

तो पर्याय लावून पुन्हा स्लीप स्टडी करून. या पानावरची एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. दातांचं यंत्र पूर्ण पुढे सरकवून झाल्यावर, दहा-बारा किलो उतरल्यावर, ऑपरेशनची जखम भरून काही महिने झाल्यावर. घरी करायची चाचणी बहुतेकांना पुरते. आकडा उतरला, पेंग गेली आणि सकाळचं बीपी आटोक्यात आलं, असं तिन्ही बाजूंनी पाहा. ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर ड्रायव्हर, कंडक्टर किंवा यंत्रावर काम करणाऱ्याने तर मुळीच थांबू नये. ही दुसरी चाचणी कोणी आपणहून सांगत नाही आणि तिचे पैसे जिवावर येतात, ठाऊक आहे. तोपर्यंत मशीन विकू नका.

कोणत्या डॉक्टरकडे जाऊ?

सर्जन ऑपरेशन सुचवतो, दंतवैद्य दातांचं यंत्र, मशीनवाला मशीन. यात लबाडी नसते. ज्याच्याकडे जे आहे ते तो देतो. म्हणून झोपेच्या आजारांचं काम करणारा छातीचा डॉक्टर, ईएनटी किंवा न्यूरोलॉजिस्ट गाठा आणि त्याला सरळ विचारा, ‘माझ्या रिपोर्टवर तुम्ही स्वतः करत नसलेला कुठला उपाय बसतो?’ सीजीएचएसचे (केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांची आरोग्य योजना) लाभार्थी असाल तर मशीनच्या खर्चाची परवानगी खरेदीआधी काढावी लागते, तेव्हा ती चौकशी त्याच भेटीत उरका.

दुसऱ्याच आजाराचं ऑपरेशन आहे. अ‍ॅप्निया सांगायला हवा का?

हो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना, मोतीबिंदूच्या वेळीसुद्धा. भूल आणि तीव्र वेदनाशामकांनी घसा आणखी सैल पडतो. तुम्ही मशीन वापरत असाल किंवा दातांचं यंत्र, ते हॉस्पिटलच्या पिशवीत घाला आणि स्लीप स्टडीचा रिपोर्ट फाइलमध्ये वरच लावा.